दिवा पेटला गाडीत, दोष मात्र हवेला

पत्र: मी मालवण तालुक्यात राहते, घरालाच लागून दोन खोल्यांचा होमस्टे चालवते. पावणेदोन वर्षांपूर्वी दसऱ्याला साडेआठ लाखांची नवी गाडी घेतली, माझ्याच नावावर. वॉरंटी तीन वर्षांची. या जूनमध्ये मीटरवर एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. मग हॉर्न बंद पडला, स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणंही बंद. कुडाळला वर्कशॉपमध्ये तीनदा नेली. पहिल्यांदा म्हणाले, पावसाचं पाणी गेलंय. दुसऱ्यांदा म्हणाले, उंदरानं वायर कुरतडली असेल. तिसऱ्यांदा, तुमच्याकडची हवाच खारी, वॉरंटीत बसत नाही, चौदा हजार होतील. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार केली की क्रमांक मिळतो आणि दोन दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज येतो. वर्कशॉपमधला सर्व्हिस ॲडव्हायझर माझ्या नणंदेचा मुलगा. तो म्हणतो, “मामी, वरूनच रिजेक्ट झालं, माझ्या हातात काय नाय.” तक्रार केली तर घरात वाद. मिस्टर म्हणतात, बाजारातला वायरमन तीन हजारांत दिवा घालवून देतो, संपवून टाक. गाडीची गरज रोजची, कधी पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायलाही लागते. काय करू? फेसबुकवर लिहू? की विकूनच टाकू?
— एक वाचक, मालवण

ताई,

आधी वायरमनचं बोलते, कारण ते काम तुम्ही याच आठवड्यात उरकून टाकाल अशी मला धास्ती आहे. नका करू. तीन हजारांत दिवा ‘घालवतात’ म्हणजे बहुतेक वेळा एअरबॅगच्या वायरीत एक रेझिस्टर जोडतात, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं सगळं जागेवर आहे. नाहीतर मीटरमागचा दिवाच काढून टाकतात. दिवा जातो, एअरबॅग मेलेलीच राहते, आणि आता ती मेलीय हे सांगणारंही कोणी उरत नाही. त्यात ही वायर म्हणजे घरातल्या पंख्याची वायर नव्हे. बॅटरी काढून, काही वेळ जाऊ देऊन मगच तिला हात लावायचा असतो. टेस्ट लॅम्प लावून करंट बघायला गेलं तर एअरबॅग तोंडावर फुटू शकते. आणि एकदा का बाहेरच्या माणसानं मारलेली टेप त्या वायरिंगवर दिसली, की कंपनीला नकाराचं खरं कारण तुम्हीच मिळवून दिलंत. आत्तापर्यंतची त्यांची तिन्ही कारणं कच्ची आहेत. ती पक्की करून देऊ नका.

दिवा जळतोय तोवर एअरबॅग उघडणार नाही असंच धरून चला. सीटबेल्ट लावाच, मागे बसणाऱ्यांनाही लावायला सांगा. हॉर्नशिवाय घाट चढू नका. कोल्हापूरला जायचं असेल तर एसटीनं जा, किंवा दुसऱ्याची गाडी मागून न्या.

आता दुखणं काय आहे ते बघू. मी तुमची गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटचा शब्द माझा नाही. पण एअरबॅगचा दिवा, हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं ही तिन्ही एका दमात गेली, म्हणजे तिन्हींच्या वायरी जिथून एकत्र जातात तिथे आधी बघायला हवं. ती जागा स्टिअरिंगच्या चाकाखाली असते. तिथे एका चपट्या डबीत पट्टीसारखी केबल गुंडाळलेली असते; चाक फिरवलं की ती उलगडते, पुन्हा गुंडाळली जाते. गॅरेजवाले तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, कोणी स्पायरल केबल म्हणतात. ती तुटली किंवा तिचा कनेक्टर गेला, की नेमकी तुम्ही लिहिलेली तीनच दुखणी एकत्र दिसतात. वर्कशॉपच्या लोकांना हा पार्ट नवा नाही. कुडाळला हे कोणालाच सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

मग ‘पावसाचं पाणी’ या कारणाकडे पुन्हा बघा. ती डबी स्टिअरिंगच्या दांड्यावर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला असते. पावसाचं पाणी तिथवर चढलं असतं तर त्याआधी पायाखालचं कार्पेट भिजलं असतं, सीटचा फोम भिजला असता, गाडीत आठवडाभर कुबट वास आला असता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्या लोकांनी पाहिल्यात. पाण्यात गेलेली गाडी ओळखायला इंजिनिअर लागत नाही. तशी गाडी असेल तर प्रश्न विम्याचा होतो, वॉरंटीचा राहत नाही, म्हणून हे कारण वर्कशॉपला सोयीचं. तुमची गाडी कधी पाण्यात उभी होती का? नसेल, तर कार्पेट उचलून फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

उंदराचं तर त्याहून सोपं. उंदरानं खाल्लेल्या वायरीवर दात दिसतात, खाली तुकडे पडलेले असतात, मोबाइलवर फोटो काढायला मिनिट लागत नाही. “कुरतडली असेल” हे निदान नाही. फोटो दाखवा म्हणायचं. आणि स्कॅनर लावल्यावर जो एरर कोड येतो त्याचा प्रिंट मागायचा. कोणत्या सर्किटमध्ये तार तुटल्यासारखं दिसतंय हे त्या कोडमध्ये येतं. तीन वेळा गाडी तपासली म्हणतात, तर तीनदा स्कॅनर लावला असणारच.

तिसरं कारण वाचून मात्र मी चहा बाजूला ठेवला. खारी हवा! गाडी विकताना त्यांना ठाऊक नव्हतं का मालवणात समुद्र आहे ते? गाडी कुडाळच्या शोरूममधून गेली, एमएच ०७ पासिंग झाली, कंपनीच्या कागदावर तुमचा पत्ता मालवणचा आहे. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाकडून साडेआठ लाख घेताना हवा चांगली होती. दुरुस्तीचे चौदा हजार निघाले आणि ती खारट झाली.

तरी इथे सावध करते. तुमच्या वॉरंटी बुकात ‘समुद्री हवा, क्षार, आम्ल पाऊस यांनी झालेलं नुकसान’ असं वगळलेलं असू शकतं. बऱ्याच कंपन्यांच्या बुकात असतं. ते पान काढा आणि ते कलम कशाबद्दल आहे ते नीट वाचा. बहुतेक ठिकाणी ते रंग, क्रोम आणि पत्र्याच्या गंजाबद्दल असतं. बंद केबिनमध्ये, स्टिअरिंगच्या आत, प्लास्टिकच्या डबीत बसवलेल्या केबलला ते ओढूनताणून लावताहेत का, ते बघा. लावत असतील तर कलमाचा क्रमांक देऊन लेखी सांगा म्हणायचं. लेखी विचारलं की खाऱ्या हवेचा उल्लेख पुष्कळदा गळून पडतो.

हवेचा दोष कोणाचा, याचा निकाल मोटारींच्या धंद्यानं स्वतःच एकदा लावलेला आहे. टकाटा नावाची जपानी कंपनी जगभरच्या गाड्यांना एअरबॅग पुरवायची. फुगा फुगवण्यासाठी ते अमोनियम नायट्रेट वापरत. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की ते बिघडायचं आणि एअरबॅग फुगताना धातूचं कवच फुटून तुकडे माणसांना लागायचे, माणसं मेली. मोटार कंपन्यांनी कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या, भारतातल्याही, आणि टकाटानं जून २०१७ मध्ये दिवाळं काढलं. तेव्हा गाडीमालकांना कोणी म्हणालं नाही की तुमच्या गावची हवा दमट, तुमचं तुम्ही बघा. दमट हवेत टिकेल असा पार्ट बनवणं हे बनवणाऱ्याचं काम, असंच सगळ्यांनी धरलं. तुमच्या गाडीतला दोष त्या जातीचा नाही, पण तत्त्व तेच लागू आहे.

यावरून आठवलं, आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून गाड्या सक्तीनं परत बोलावण्याचे नियम आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या सुरक्षेच्या दोषाची तक्रार वाहन पोर्टलवर नोंदवता येते, आणि एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी जमल्या तर सरकार कंपनीला हुकूम देऊ शकतं. नोंदवून ठेवा. त्यातून तुमची केबल उद्या बदलून मिळणार नाही. शिवाय कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून तुमच्या गाडीवर आधीच रिकॉल आहे का तेही बघा. असला तर वॉरंटी बुकाचा वादच संपला, फुकट करून द्यावं लागतं.

आता भाच्याबद्दल. तुमच्या पत्रातला मला सर्वांत जड वाटलेला भाग हाच. त्याला शत्रू समजू नका, आणि त्याच्यावर विसंबूनही राहू नका. वॉरंटीचं काम कसं चालतं ते सांगते. वर्कशॉप पार्ट बदलतं, मग पार्टचे आणि मजुरीचे पैसे कंपनीकडून मागतं. कंपनीनं क्लेम नाकारला तर भुर्दंड वर्कशॉपच्या मालकाला. म्हणून शंकेची केस असली की ती वर पाठवायचीच नाही, गिऱ्हाइकाला इथूनच “रिजेक्ट झालं” सांगायचं, हे सर्रास चालतं. भाच्याला घरी बोलवा, चहा-पोहे करा आणि एवढंच विचारा: क्लेम खरंच पाठवला होता का, पाठवला तर त्याचा क्रमांक काय, आणि नकार आला त्याचा मेल कुठे आहे? तो अडखळला तर पाठवलेला नाही असं समजा. त्याच्यावर चिडू नका, त्याला बावीस हजार पगारात चार साहेब सांभाळायचे असतात.

त्याच्याकडून मागायचं ते एकच: जॉबकार्ड, म्हणजे गाडी नेली की वर्कशॉप तुमची तक्रार आणि काम ज्यावर लिहितं तो कागद. तुमच्या तीन फेऱ्यांची तीन जॉबकार्डं काढून बघा. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात काय लिहिलंय? माझी पैज आहे, एकावर तरी ‘जनरल चेकअप’ असेल. उद्या प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर तिथे कंपनीचा वकील तेच कार्ड दाखवून म्हणेल की एअरबॅगची तक्रार त्या दिवशी नव्हतीच. म्हणून चौथ्यांदा गाडी घेऊन जा आणि तुमच्यासमोर तुमच्या शब्दांत लिहून घ्या: “जूनपासून एअरबॅगचा दिवा सतत चालू, हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं बंद; याच तक्रारीसाठी याआधी तीन वेळा गाडी आणली.” खाली किलोमीटर, तारीख, आधीच्या जॉबकार्डांचे नंबर. काम न करता गाडी परत दिली तर ‘काम केले नाही, कारण’ असंही त्यावर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना सही मागतात. ती करताना वर ‘तक्रार कायम’ असे दोन शब्द लिहून मग सही करा. भाच्याला हे लिहायला त्याच्या साहेबांची परवानगी लागत नाही, तुमचं म्हणणं लिहून घेणं हीच त्याची नोकरी आहे.

आणि तो फीडबॅकचा फोन! “मामी, कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या हां, नायतर माझा इन्सेन्टिव्ह कापतात.” दिले असणार तुम्ही, खरं सांगा. मी बाकी कुठेही तुम्हाला नात्याची भीड सोडायला सांगत नाही, इथे सांगते. तुमचे दहा गुण कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये ‘ग्राहक समाधानी’ म्हणून बसतात, आणि ‘निवारण झाले आहे’ या मेसेजला तोच आधार होतो. पुढच्या फोनला स्पष्ट सांगा, मुलाचं वागणं दहापैकी दहा, काम शून्य. भाच्याला आधी सांगून ठेवा की असं सांगणार आहे, म्हणजे नणंदेकडून फोन येणार नाही.

टोल फ्री नंबर सोडून द्या. तिथल्या मुलीला तिकीट उघडता येतं आणि बंद करता येतं, तिसरं काही येत नाही. वॉरंटी बुकाच्या मागच्या पानावर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि ग्राहक विभागाचा मेल असतो. तिथे मेल करा, प्रत डीलरच्या मालकाला, आणि तेच पत्र छापून स्पीड पोस्टनं पोचपावतीसह दोघांना. पत्र एका पानाचं असावं. चासी नंबर, घेतल्याची तारीख, किलोमीटर, तीन जॉबकार्डांच्या तारखा आणि प्रत्येक वेळी सांगितलेलं वेगळं कारण, एकाखाली एक. ती तीन कारणं शेजारी-शेजारी आली की वेगळं काही म्हणावं लागत नाही. मग मागणी: पंधरा दिवसांत पार्ट वॉरंटीत बदलून द्या, नाहीतर एरर कोडचा प्रिंट आणि वॉरंटीचं कलम यांसह लेखी नकार द्या. रागाचा एक शब्द नको, भाच्याचं नाव नको. ‘आपले वर्कशॉप’ एवढंच. एक वाक्य मात्र जरूर घाला: चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये कायद्यानंच सक्तीची आहे आणि हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांत. म्हणजे बंद पडलंय ते शोभेचं काही नाही. कायद्याला अपेक्षित दर्जा नसणं हाच ग्राहक कायद्यात ‘दोष’ आहे. हे वाचलं की पत्र ग्राहक विभागातून कायदा विभागाकडे सरकण्याची शक्यता वाढते.

पंधरा दिवसांत हललं नाही तर १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करा. मराठीत बोलता येतं. ते कोर्ट नाही, हुकूम देत नाहीत, तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत पोचवतात. चौदा हजारांच्या पार्टसाठी पुष्कळ कंपन्या इथेच नमतात.

नाही नमल्या तर सिंधुदुर्गचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा तुम्हाला झालेला मोठा फायदा हा की कंपनीचं मुख्यालय चेन्नईत असो की गुरुग्रामला, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वकील सक्तीचा नाही. फी वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर असते. पाच ते दहा लाखांच्या गाडीला दोनशे रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध लिहा, नाहीतर हजर असलेला गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवतो. दोष पाहून कळत नसेल तर आयोग तो पार्ट प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच. ती पाळली जाईलच या भरवशावर राहू नका, तारखा पडतात. म्हणूनच पत्र आणि १९१५ वर मी एवढी भिस्त ठेवतेय.

मागणी मात्र बेताची ठेवा. नवी गाडी मागू नका. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मारुती उद्योगच्या खटल्यात सांगितलं होतं की वॉरंटीत कंपनीची जबाबदारी सदोष पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची. त्यासाठी अख्खी गाडी बदलून देण्याचा हुकूम होत नाही. पार्ट, मजुरी, फेऱ्यांचं पेट्रोल, मनस्तापाची थोडी भरपाई, एवढं मागा. दुसऱ्या बाजूनं, एअरबॅगच्या बाबतीत न्यायालयं ढिली नाहीत. अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या ह्युंदाई क्रेटाच्या प्रकरणात २० एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचं अपील फेटाळलं, आणि टकरीचा वेग आणि जोर यांची गणितं मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असावं अशी अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही, असं म्हटलं. कंपनीच्या कायदा विभागाला हा निकाल पाठ असतो. तुमच्या पत्रात तो असला तर हरकत नाही.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते एक वाक्य. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणता. नातेवाईक येतात तसे फुकट आणत असाल तर प्रश्न नाही. पण बिलात ‘पिकअप’चे पाचशे लावत असाल तर आजच थांबवा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवणं परवान्याच्या नियमात बसत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, आणि इथे कंपनीचा वकील म्हणेल की गाडी व्यापारी हेतूनं घेतलेली, तुम्ही ग्राहकच नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, त्यावरून भांडता येईल. पण चौदा हजारांच्या केबलसाठी तो वाद कशाला ओढवून घ्यायचा? आयोगासमोर विचारलं तर खोटं बोलू नका. त्यापेक्षा विचारण्यासारखं काही ठेवू नका. पाहुण्यांना स्टेशनवर रिक्षा मिळते.

फेसबुकचं म्हणाल तर कंपनीच्या पानावर लिहिलं की ‘कृपया इनबॉक्समध्ये संपर्क करा’ एवढं उत्तर येतं, आणि खाली तुमच्याच वाडीतले लोक भाच्याला ओळखून दोन शब्द लिहून जातात. मग नणंद आणि तुम्ही गणपतीत एका पंगतीला कशा बसणार?

आणि विकायची असेल तर विका, पण दुरुस्त झाल्यावर. आत्ता जुन्या गाड्यांचा डीलर स्कॅनर लावेल आणि त्या दिव्यापायी चाळीस-पन्नास हजार तोडून मागेल. दिवा झाकून एखाद्या ओळखीच्याला गळ्यात मारणं तुमच्या मनातही नसेल, हे मी धरून चालले आहे.

या सोमवारी जॉबकार्ड, त्याच संध्याकाळी मेल. कंपनीचं उत्तर आलं तर त्याचा फोटो मला पाठवा; त्यात कलमाचा क्रमांक आहे की नुसतीच ‘दिलगिरी’ आहे, ते बघून पुढचं लिहिते.